जुन्या पेटीची किंमत सांगणारा आणि ती विकत घेणारा एकच माणूस नको

जुनी बाजाची पेटी विकायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. दुकानात गेला तर, "भाऊ, हे आता कोन घेते? ठेऊन जा, हजार-पंधराशे देतो." आणि घरी येऊन मोबाइल उघडला तर, "ब्रिटिशकालीन हार्मोनियम, किंमत लाखात!" दोन्ही उत्तरं देणाऱ्यांत एक गोष्ट सारखी असते. दोघांनीही पेटी उघडलेली नसते.

जुना माल घेणं-विकणं या विषयावर व्हिडिओ केला तेव्हा मला वाटलं लोक फ्रीज, मोटारसायकल, शिलाई मशीन विचारतील. विचारलं सगळ्यात जास्त पेटीबद्दल. त्यात नवल नाही म्हणा. मेहकर तालुक्यात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधावं लागेल. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना आपल्याकडून जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला किती पेट्या वाजतात ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यातली एखादी पणजोबाची असते. आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, पण आपल्या देवळांतून ती कधी हलली नाही. आता पोरं पुण्याला, वाडा पाडून स्लॅब टाकायचा, माळ्यावरची पेटी खाली येते आणि प्रश्न पडतो, याचे किती येतील?

माझं दुकान वाद्यांचं, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो. माझं मत सरळ आहे. जो किंमत सांगतो त्याने ती वस्तू विकत घेऊ नये. घ्यायचीच असेल तर किंमत दुसऱ्याकडून काढून आणायला सांगावी. हे मी का म्हणतो ते कळायला पेटीची किंमत कशात असते ते आधी बघावं लागेल.

पेटी म्हणजे लाकूड नाही, पॉलिश नाही, आणि वय तर अजिबात नाही. पेटी म्हणजे सूर. सूर म्हणजे आत बसवलेली पितळेची छोटी पाटी, जिची जीभ हवेने थरथरते. ज्याला आपण रीड पण म्हणतो. हार्मोनियम मूळची पॅरिसची, 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्झांद्र देबँने तिथे पेटंट घेतलं. आपल्या मांडीपुढची हाताने भाता मारायची पेटी पुढे कलकत्त्यात घडली, द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीचं नाव त्यात घेतात. खोकं इथलं झालं, पण सूर बरीच वर्षं बाहेरून यायचे, पॅरिसचे आणि जर्मनीचे. नंतर महायुद्ध आणि आयातीवरचे निर्बंध यांनी ते येणं आटलं आणि गुजरातेतलं पालिताणा सुरांसाठी नावाजलं. आज आपण नवी पेटी घेतो तेव्हा सूर बहुतेक पालिताणाचे असतात. त्यात वाईट काही नाही, रोजच्या काकड्याला आणि हरिपाठाला उत्तम. पण पॅरिसचे किंवा जर्मन 'ज्युबिलेट' सूर कमी हवेत बोलतात, लावल्यावर सूर धरून ठेवतात, असं वाजवणारे सांगतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. म्हणून वरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो.

आता ओळखायचं कसं. आधी बाहेरून. लेबल असेल तर ते बातमीसारखं वाचा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे? मग ते लेबल 15 ऑगस्ट 1972 च्या नंतरचं, कारण पिनकोडच तेव्हा आला. 'मुंबई 4' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर बहुधा त्याच्या आधीचं. इंग्रजीत मुंबई नवीन पद्धतीने लिहिलं असेल तर 1995 च्या अलीकडचं, कोलकाता तसं असेल तर 2001 च्या. किंमत आण्यांत छापली असेल तर साधारण 1957 च्या आधीची. स्क्रू बघा. चौफुलीच्या डोक्याचा स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आला, त्यामुळे "शंभर वर्षं कुणी हात लावला नाही" म्हणणाऱ्या पेटीत तो निघाला तर कुणीतरी हात लावलाय. लेबल मात्र चिकटवता येतं, हे विसरू नका. मुंबईच्या हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारख्या नावाजलेल्या घराचं लेबल दुसऱ्याच पेटीवर लावणं काही अवघड नाही. लेबल पेटीबद्दल सांगतं, आतल्या सुरांबद्दल नाही.

मग हवा. सगळ्या खुंट्या आत ढकला आणि भाता मारा. पाच-सहा वेळा मारल्यावर हाताला अडवणूक जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर भाता कुठेतरी फाटलाय किंवा कातडं वाळलंय. आपल्याकडचा उन्हाळा आणि माळ्यावरचे उंदीर, दोघेही पेटीचे वैरी. मग एकेक खुंटी ओढा, पट्टी न दाबता सूर वाजत राहिला तर ती पट्टी नीट बसत नाही. हे सगळं दुरुस्त होणारं आहे. यावरून कुणी "गेलेली पेटी" म्हणत असेल तर मान डोलवू नका.

खरी परीक्षा आत. झाकण काढून, पट्ट्यांची फळी उचलून सूर बघायचे, आणि हे काम मालकासमोरच करायचं. खर्ज, नर, मादी अशा ओळींपैकी किती ओळी आहेत ते मोजा. साडेतीन सप्तकांची 42 पट्ट्यांची दुहेरी पेटी असेल तर 84 सूर. सगळे बघा, दोन बघून निकाल देऊ नका. पितळेचा रंग एकसारखा आहे का? सुरांवर ठोकलेली अक्षरं एकाच वळणाची आहेत का? सुराच्या बाजूला जुन्या स्क्रूची रिकामी भोकं, किंवा लाकडावर आताच्या सुरापेक्षा लांब-आखूड सावली दिसते का? दिसली तर तिथला मूळ सूर गेलाय. जिभेवर कानशीचे ओरखडे बघा. सूर चढवायला टोकाकडे घासतात, उतरवायला मुळाकडे. दोन्हीकडे खरडून खरडून जीभ पातळ झाली असेल तर तो सूर पॅरिसचा असो की स्वर्गातला, तुटायला आलाय.

मोबाइलवरचा ट्यूनर लावायला पण हरकत नाही. पांढरी सहा दाबा. आजच्या मापाने 440 यायला पाहिजे, ते माप 1939 मध्ये ठरलं. फ्रान्समध्ये त्याआधी 1859 पासून 435 होतं. सगळी पेटी वर-खाली न होता सारखीच थोडी खाली असेल, तर ती जुन्या मापावर लावलेली असू शकते. हा इशारा झाला, पुरावा नाही. आपल्या कारागिरांनी गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणेही पेट्या लावल्यात.

"पट्ट्या हस्तिदंताच्या हायेत" हे वाक्य पण हमखास येतं. बहुतेक वेळा सेल्युलॉइड नाहीतर प्लॅस्टिक असतं. आणि खरंच हस्तिदंत असेल तर ती किंमत वाढवणारी गोष्ट नाही, अडचण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. दुकानदारांनो, अशा वेळी भाव बोलू नका, वन विभागाला विचारा. पायाने मारायच्या मोठ्या ऑर्गनचा, म्हणजे संगीत नाटकांच्या जमान्यातल्या मेसन अँड हॅमलिन, एस्टी वगैरे अमेरिकन वाद्यांचा विषय वेगळा. ते हवा बाहेर फेकत नाहीत, आत ओढतात, त्यांचं गणितही वेगळं. असा ऑर्गन कुणाकडे असेल तर पुण्या-मुंबईच्या जाणकाराला दाखवा.

आता हिशोब. बीबीएला आम्हाला कंपन्यांचं मूल्यांकन शिकवलं, पेटीचं कुणी शिकवलं नाही, पण रीत तीच आहे. खालचे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, भाव म्हणून धरू नका. समजा, तशी दुहेरी सुरांची जुनी पेटी चांगली वाजती करून 16,000 ला जाईल. दुरुस्तीला भाता-कातड्याचे 3,500, पट्ट्यांखालच्या कापडाचे 1,000, सूर लावायचे 2,000, म्हणजे 6,500. दुकानदाराने विकून दिली आणि विक्रीवर दहा टक्के घेतले तर 1,600. मालकाच्या हातात 7,900. आता त्याच पेटीत 84 पैकी 75 सूर मूळ पॅरिसचे निघाले आणि वाजवणारा दर सुरामागे 150 जास्त द्यायला तयार असला, तर विक्री 27,250 ची. दुरुस्ती आणि दहा टक्के वजा जाता मालकाला 18,025. आणि न उघडता बोललेला भाव होता पंधराशे.

हा फरक कुणाच्या खिशात जातो? जो पेटी न उघडता घेतो आणि घरी नेऊन उघडतो त्याच्या. याहून वाईट प्रकार दुरुस्तीत होतो. पेटी सूर लावायला दिली, मूळ सूर काढून घेतले, नवे बसवले, वरून पॉलिश मारून परत. मालक खूश, कारण पेटी चकचकीत. त्याला कळतच नाही की आपण 6,500 देऊन पेटीतला जीव काढून दिला. मंडळाची पेटी असेल तर मालक म्हणजे सगळं गाव, म्हणजे विचारणारं कुणीच नाही. म्हणून सांगतो, दुरुस्तीला देण्याआधी सुरांच्या प्रत्येक ओळीचा फोटो काढा आणि पावतीवर लिहून घ्या: सूर इतके, मूळ इतके, बदलायचे ते विचारून, काढलेले सूर परत. प्रामाणिक कारागीर याला रागावत नाही. मी तर म्हणतो, त्यानेच स्वतःहून लिहून द्यावं.

यावर धंद्यातले मित्र मला म्हणतात, "सर, असं केलं तर कमवायचं काय?" प्रश्न रास्त आहे. स्वस्तात घ्यायचं, महागात विकायचं, यालाच तर व्यापार म्हणतात. किराण्यात, कपड्यात ते ठीक आहे, कारण तिथे गिऱ्हाईकाला भाव माहीत असतो किंवा चार दुकानं फिरून काढता येतो. जुन्या पेटीत तसं नाही. एका बाजूला सगळी माहिती, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि ज्याला माहिती आहे त्यालाच घ्यायचंय. वैद्यानेच किडनी विकत घ्यायची म्हटल्यासारखं झालं ते.

कमवायला जागा भरपूर आहे. तपासणीची फी घ्या. मी घेतो, आणि लेखी देतो, पेटी पुढे कुठेही विका. दुरुस्तीची मजुरी घ्या. विकून द्यायची असेल तर टक्केवारी आधी कागदावर ठरवा, आणि गिऱ्हाईक व मालक दोघांना एकच आकडा सांगा. एका गावात तुम्ही एकदा पंधराशेला पेटी उचलली तर ती एक पेटी मिळते. खरा भाव सांगितला तर त्या गावचे टाळ, मृदंग, नवी पेटी, दरवर्षीचं सूर लावणं, सगळं तुमच्याकडे येतं. जानेफळचा माणूस डोणगावच्या पाहुण्याला सांगतोच. फी द्यायला लोक कुरकुर करतात हे खरंय. "निसतं पाहायचे पैसे?" असं विचारणारे काका मला रोज भेटतात. त्यांना मी शांतपणे वरचा हिशोब दाखवतो.

तपासणीत पेटी रद्दी निघाली तर तेही तितक्याच स्पष्ट सांगा. लाकूड किडलेलं, सूर सरमिसळ, जिभा खरडलेल्या, अशा पेट्या जास्त असतात. तिथे "ठेवा, पुढे किंमत येईन" म्हणून माणसाला लटकवू नका. आणि चांगली निघाली तर मी पहिला प्रश्न विकायची का असाच विचारतो. वाजती पेटी मंडळाला वापरायला दिली तर ती सांभाळली जाते. पेटी बंद पडून राहण्याने जास्त खराब होते.

एक गोष्ट बाहेरच्यांकडून घ्यावीशी वाटते. हवाईचं चार तारांचं छोटं वाद्य आहे, युकुलेले. 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून गेलेल्या सुतारांनी त्याचा पाया घातला, पुढे अमेरिकेतल्या मार्टिनसारख्या गिटार कंपनीनेही ते बनवलं. आज तिथे जुन्या युकुलेलेच्या खुंट्या लाकडी की धातूच्या, शिक्का डोक्याच्या मागे की पुढे, एवढ्यावरून ते साधारण कोणत्या काळातलं हे सांगणारी माणसं आहेत. कारण कुणीतरी बसून नोंदी केल्या. आपल्याकडे मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या घराण्यांची नावं लोकांना पाठ आहेत. पेटीचं मात्र कुठल्या कारागिराने कोणत्या काळात कोणते सूर बसवले, हे कारागिरांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं म्हातारी झालीत.

म्हणून मी दुकानात एक साधी दोनशे पानी वही ठेवलीय. आलेली प्रत्येक पेटी: लेबलवर काय, सूर किती ओळी, मूळ किती, कोणती अक्षरं, आत कुणा कारागिराने पेन्सिलीने काही लिहिलंय का (बऱ्याचदा लिहिलेलं असतं), आणि फोटोचा नंबर. मालकाचं नाव त्यात नसतं, गावाचं असतं. रिसोड, लोणार, चिखलीकडच्या वाद्यवाल्यांनी अशीच वही सुरू केली तर दोन वर्षांनी एकत्र बसून बघू. वहीचे रकाने कसे आखायचे ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो, आणि एक पेटी कॅमेऱ्यासमोर पूर्ण उघडतो. मालकाची परवानगी घेतलीय.