विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानाच्या पंखांवर कोणते कापड? ही निवड जीवनमरणाची का ठरते?

अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, 22 जुलै 2025 रोजी हलक्या विमानांसाठी ‘मोझेक’ नावाचे नवे नियम जाहीर केले. वैमानिकांशी संबंधित भाग 22 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. ‘स्पोर्ट पायलट’ परवाना असलेल्यांना आता पूर्वीपेक्षा मोठी आणि वजनदार विमाने उडवता येतात. घरी बांधलेल्या विमानांचाही यात समावेश होतो. यातल्या बऱ्याच विमानांचे पंख कापडाने मढवलेले असतात. ते कापड कोणते असावे आणि कसे चढवावे, हा निर्णय मात्र बांधणाऱ्याचाच राहतो.

विमानाला कापड कशासाठी?

पोलादी नळ्यांचा किंवा लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड, ही विमानबांधणीची सर्वांत जुनी पद्धत. ती वजनाला हलकी, खर्चाला परवडणारी आणि दुरुस्तीला सोपी. पूर्वी त्यासाठी लिनन आणि सुती कापड वापरत. आता पॉलिएस्टर वापरतात. या कापडाला शिवणीच्या कामासारखे हाताने ताणावे लागत नाही. ते सांगाड्यावर चिकटवायचे आणि इस्त्री फिरवायची, की आक्रसून तबल्याच्या पुडीसारखे घट्ट बसते. इस्त्रीचे तापमान साधारण 120 अंश सेल्सिअसपासून टप्प्याटप्प्याने 175 अंशांपर्यंत नेतात. त्यापुढे गेले तर कापड घट्ट होण्याऐवजी सैल पडू लागते.

घरी विमान बांधायला परवानगी असते?

अमेरिकेत ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात असते. अट एवढीच, की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी शिक्षणासाठी किंवा छंदासाठी स्वतः बांधलेला हवा. आपल्याकडे कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव अनेकांना आठवत असतील. 2016 मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात त्यांचे विमान मांडले गेले आणि 2017 मध्ये डीजीसीएने त्याची नोंदणी केली. नोंदणीसाठी त्यांना काही वर्षे झगडावे लागले. अमेरिकेत त्यासाठी ठरलेली वाट आहे.

या मोकळीकीची दुसरी बाजूही आहे. कारखान्यात बनलेल्या प्रमाणित विमानाचे कापड बदलताना मंजूर पद्धतच पाळावी लागते. घरी बांधलेल्या विमानाची उड्डाणापूर्वी तपासणी होते, पण अमुकच कापड, अमुकच गोंद असे बंधन नसते.

मग निवड नेमकी कशाची करायची?

निवड एकट्या कापडाची नसते, पूर्ण प्रणालीची असते. कापड, गोंद, छिद्रे बुजवणारा पहिला थर, ऊन अडवणारा थर आणि शेवटचा रंग हे सगळे एकमेकांना धरून राहतील असे बनवलेले असतात. त्यातला ऊन अडवणारा थर फार महत्त्वाचा. पॉलिएस्टरचा मोठा शत्रू म्हणजे अतिनील किरण. अनेक प्रणालींत यासाठी ॲल्युमिनियमची पूड असलेला चंदेरी थर फवारतात. आतून दिवा लावला आणि बाहेर उजेड दिसला, तर थर पातळ आहे असे समजतात.

पर्याय कोणते आहेत?

पहिला, द्रावकांवर आधारित. ‘पॉली-फायबर’ हे यातले जुने नाव. माहितीपुस्तिका सोपी, दुरुस्तीही सोपी, कारण पुढचा थर मागच्या थरात विरघळून एकजीव होतो. पण एमईकेसारखी द्रावके फुप्फुसांना आणि त्वचेला घातक असतात. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये महिनोन्‌महिने असे काम करणे म्हणजे वास आणि आगीचा धोका घरातच आणणे.

दुसरा, पाण्यावर आधारित. ‘स्टुअर्ट सिस्टम्स’ हे त्याचे उदाहरण. वास आणि आगीची भीती बरीच कमी. मात्र फवारणीचे तंत्र नीट शिकावे लागते आणि हवेतील दमटपणा सांभाळावा लागतो. फवारताना मास्क तर लागतोच.

तिसरा, आधीच रंग आणि संरक्षक थर दिलेले कापड. जर्मनीच्या लानित्झ कंपनीचे ‘ओराटेक्स’ असे येते. फवारणीच नसल्याने वजन आणि वेळ दोन्ही वाचतात. पण कापड महाग, रंग मोजके आणि इस्त्रीचे तापमान काटेकोर पाळावे लागते. आरशासारखी चकाकी हवी असणाऱ्यांना ते आवडत नाही.

एकाचे कापड, दुसऱ्याचा गोंद चालतो का?

इथेच खरा धोका आहे. उरलेला डबा वापरून टाकू, हा स्वस्तातला रंग चालेल, असा मोह अनेकांना होतो. वरून दोन्ही पंख सारखेच दिसतात. पकड मात्र आतून कच्ची राहू शकते.

स्टीव्ह विटमन हे अमेरिकेतील नावाजलेले शर्यतपटू वैमानिक आणि विमान रचनाकार. 27 एप्रिल 1995 रोजी, वयाच्या 91व्या वर्षी, ते पत्नी पॉला यांच्यासह स्वतः बांधलेल्या विमानातून फ्लोरिडाहून ऑशकॉशकडे निघाले होते. अलाबामात विमान हवेतच मोडले आणि दोघेही मृत्युमुखी पडले. अपघात तपास यंत्रणा एनटीएसबीने काढलेला निष्कर्ष असा : पंखावरचे कापड योग्य रीतीने चढवले नव्हते. न चिकटलेला भाग मागच्या कडेजवळ सुटला आणि एलेरॉनसह पंख अनावर थरथरू लागला.

ऑशकॉशच्या विमानतळाला आज विटमन यांचेच नाव आहे. ‘मोझेक’ची घोषणा झाली तीही ऑशकॉशमध्येच, हौशी विमानबांधणी करणाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात.

मग ठरवायचे कसे?

आधी जागा पाहावी : हवा खेळती आहे का, शेजारी कुटुंब राहते का, दमटपणा किती. मग विमानाचा वेग आणि पंखांवर येणारा भार पाहून त्याला साजेशा वजनाचे कापड घ्यावे. छोटा नमुना सांगाडा करून त्यावर सराव करावा. आणि एकदा प्रणाली ठरली की पुस्तिकेतली पहिली ओळ ते शेवटची, तीच पाळावी.

कापड चढवून काम संपत नाही. एफएएच्या मार्गदर्शनानुसार कापडाची ताकद मूळ आवश्यक ताकदीच्या 70 टक्क्यांखाली गेली, की ते उड्डाणयोग्य राहत नाही. विमान उघड्यावर उभे राहणार असेल, तर ऊन अडवणाऱ्या थरात केलेली काटकसर सर्वांत आधी अंगाशी येते.

नव्या नियमांनी उडवणाऱ्यांची संख्या वाढू शकते. बांधणाऱ्याची जबाबदारी त्यांनी कमी केलेली नाही. स्वतः न बांधलेले विमान विकत घेणाऱ्याने म्हणूनच रंग पाहण्याआधी बांधणीची नोंदवही मागावी आणि कोणती प्रणाली वापरली, ती पूर्ण वापरली का, हे विचारावे.