कामगार नसलेले बेकार

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. कपातीचा रोख मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींकडे होता. गलेलठ्ठ पगार घेणाऱ्यांची चिंता कामगार चळवळीने कशाला वाहावी, असा प्रश्न अशा वेळी अनेक कार्यकर्त्यांच्या मनात येतो. तो स्वाभाविक आहे, पण योग्य नाही.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर नोकरी गेलेल्या अधिकाऱ्याची स्थिती पाहावी. उतरंडीत वर जावे तसतशा जागा कमी होतात, आणि त्या बऱ्याचदा जाहिरातीने नव्हे तर ओळखीने भरल्या जातात. वीस वर्षांत मिळविलेले त्याचे ज्ञान बरेचसे त्या एका कंपनीच्या कार्यपद्धतीचे असते. तिच्या आवाराबाहेर त्याचे मोल घटते. पूर्वीचा पगार हीच अडचण ठरते. तेवढाच मागावा तर तरुण माणूस स्वस्तात मिळतो. कमी मागावा तर हा टिकणार नाही, अशी शंका घेतली जाते. घराचे हप्ते मात्र थांबत नाहीत. श्रम विकल्यावाचून ज्याची चूल पेटत नाही तो श्रमिकच होय. मग त्याचा हुद्दा कोणताही असो.

कायदा तसे मानीत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकाला ‘कामगार’ या व्याख्येतून वगळले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तेच चालू ठेवले. दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतनाचा पर्यवेक्षकही तिच्या लेखी कामगार नाही. त्यामुळे एक महिन्याची पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, ही कपातीची किमान भरपाईही त्याला या कायद्याखाली मागता येत नाही. उरते ते मालकाने लिहिलेले नेमणूकपत्र.

त्यातच कित्येकदा कपातीऐवजी राजीनामा मागितला जातो. पुढचा मालक कार्यमुक्तीचे पत्र मागणार, या धास्तीने माणूस सही करतो. आणि स्वेच्छेने सोडलेली नोकरी कपात ठरत नाही.

येथेच कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप महत्त्वाचे, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. नावाचे ‘मॅनेजर’ असलेले अनेकजण प्रत्यक्षात तांत्रिक कामच करतात. एकट्याने सही करण्यापूर्वी सल्ला घ्यावा, हे त्यांना सांगणारे कोणीतरी हवे. पूर्वसूचना व भरपाई हा हुद्दा न पाहता प्रत्येक पगारदाराचा हक्क असावा, ही मागणीही पुढे आली पाहिजे.

यांपैकी काहींनी काल स्वतःच कपातीच्या याद्या केल्या असतील, संघटनेला नाके मुरडली असतील. तो हिशेब काढण्याची ही वेळ नव्हे. फाटकाबाहेर काढलेल्या माणसाला त्याचा जुना हुद्दा विचारून परत पाठविणारी संघटना नकळत मालकाचेच काम करीत असते.