लोकमत आणि वजाबाकी

कराडच्या पेठेत कोणी मंदीची तक्रार केली, की ‘लोकांस अर्थशास्त्र काय कळते?’ असे म्हणून हसणारे विद्वान आम्हांस ठाऊक आहेत. त्यांस आम्ही २०२१ सालचे स्मरण देतो.

त्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने शहरांतील कुटुंबांचे मत अजमावले. सुधारणा व बिघाड म्हणणारे समसमान असता जो निर्देशांक १०० असावयाचा, तो ४८.५ वर उतरला. ऑगस्टात सरकारी अंदाज निघाला: एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षाहून २०.१ टक्के वाढले! मग लोक अडाणी ठरले काय?

मुळीच नाही. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत उत्पादन २४.४ टक्के घसरले होते. शंभराचे पाऊणशे झाले. त्यावर वीस टक्के चढले, तरी पुरते एक्क्याण्णवही होत नाहीत. ही वजाबाकी पेठेतील दुकानदारास गल्ल्यातच दिसते. आकडा खोटा नव्हता. त्यावर उभारलेला अभिमान पोकळ होता.

लोकमत एकजिनसी असते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. साखर महागली, की कराडकडच्या ऊस बागायतदाराची आशा वाढते आणि पगारदाराची गृहिणी कपाळास हात लावते. दोघांचेही खरे, सरासरीत मात्र दोघेही नाहीसे होतात. म्हणून लोकमतास साक्षीदार समजावे. त्याची उलटतपासणी खुशाल करावी. पण साक्ष न ऐकताच त्यास हाकलून देणे, हा कोठला न्याय?