पडद्याचे कापड

गेल्या श्रावणातली गोष्ट. सौ.च्या मानेवर एक बारीकशी गाठ हाताला लागली. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी मी रात्री, मुलांना चुकवून, संगणकावर चार ओळी वाचल्या. गाठ साधी निघाली, हे देवाचे उपकार! पण दुसऱ्या दिवशी कन्यारत्न त्याच संगणकावर अभ्यासाला बसले, तो पानोपानी कर्करोगाच्या इस्पितळांच्या जाहिराती! “बाबा, कुणाला काय झालंय?” आम्ही दोघांनी पोटात ठेवलेले यंत्राने घरभर केले.

भाचा म्हणाला, “मामा, खाजगीपणा जपणारा ब्राउझर घ्या.” मी म्हटले, क्रोममध्ये ते ‘इन्कॉग्निटो’ असतेच की! तो हसला. ती सोय घरच्यांपासून लपवते; समोरच्या संकेतस्थळांना आपली नोंद करता येतेच. याच प्रकरणी गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा झाला आणि २०२४ मध्ये अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीला कबूल करावे लागले.

बरे, बाकीचे तरी धुतल्या तांदळासारखे? ‘ब्रेव्ह’ नावाचा गडी आभासी चलनाच्या काही बाजारांचा पत्ता आपण टाइप करू लागलो की तो स्वतःच्या दलालीची खूण जोडून पुरा करी. हे २०२० मध्ये उघडकीस आले. ‘डकडकगो’ हा दारावरचा पहारेकरी. पण इतर संकेतस्थळांवरून माग काढणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या काही हस्तकांना तो करारापोटी वाट देत होता, हे २०२२ मध्ये कळले. आणि ‘फायरफॉक्स’च्या मोझिलाचे बहुतेक उत्पन्न येते कुठून? गूगलकडून! ज्याच्यापासून आडोसा करायचा, त्याच्याच पैशाने पडद्याचे कापड!

तरीही मी फायरफॉक्सच घेतला. एका संकेतस्थळावरची ‘कुकी’ दुसऱ्यावर माग काढू शकणार नाही, असा बंदोबस्त तो मुळातच करतो; आणि त्याची संहिता उघडी असल्याने जाणत्यांना ती तपासता येते. वरच्या दोन्ही लबाड्या (की चुका म्हणू?) बाहेरच्यांनीच पकडल्या, आणि बोभाटा झाल्यावर दोघांनीही त्या सुधारल्या. आमची आजी गवळ्याच्या दुधात रोज बोट बुडवून पाही. रतीब मात्र तिने कधी बंद केला नाही.

“आता नाही ना कळणार कुणाला?” कन्येने विचारले.

“जाहिरातवाल्यांना बरेच कमी. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला मात्र आपण कोणत्या दारी गेलो ते बहुधा कळेलच.”

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आणि समोरच्या काकूंना?”