नुसत्या बायकोच्या औषधाने काय होणार?

मैत्रिणींनो, आजचा विषय चारचौघीत काढायचा नाही, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. गुडघे दुखतात, शुगर वाढली, हे आपण भिशीत अगदी रंगवून सांगतो. पण अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, लघवीला आग होते, ओटीपोट दुखते, हे सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप! ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणायचे आणि दुखणे अंगावर काढायचे.

हे अंगावर काढणे किती घरांत चालते, ते आपल्या विदर्भानेच जगाला दाखवून दिले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त आजार! आणि याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात फक्त ८. एवढी दुखणी होती, पण कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर घरोघरी भांडणे लागायची. पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी रोग नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडे पाणी जाणे स्वाभाविक आहे. दह्यासारखे जाऊन खाज सुटते ती बुरशी मधुमेहानेही होते. त्यात नवऱ्यावर संशय घेण्यासारखे काही नाही. पण दुर्गंधी, हिरवट-पिवळा स्राव, जागेवर फोड किंवा जखम, संबंधाच्या वेळी दुखणे, ओटीपोटात कळा, असे काही असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

संबंधातून पसरणाऱ्या आजारांत गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गोनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार नेहमी आढळणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगात या चौघांच्या मिळून ३७ कोटींवर नव्या लागणी झाल्या. चांगली गोष्ट ही, की हे चारही औषधाने पूर्ण बरे होतात. वाईट गोष्ट ही, की बाईला क्लॅमिडिया किंवा परमा झाला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. जंतू हळूहळू वर चढतो, गर्भनलिकेला सूज येते, नलिका बंद होते. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच अडकून जिवावर बेततं. गरोदरपणी गरमी असेल आणि औषध घेतले नाही, तर बाळ पोटातच दगावू शकते. आणि एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण वर्षानुवर्षे तशीच राहिली, तर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ शकतो.

आता माझा खरा मुद्दा. दुखणे दोघांचे, पण दवाखान्याची पायरी चढते एकटी बायको! आमच्या बचत गटातल्या एकीने वर्षात तीनदा गोळ्यांचा कोर्स केला. तीनदा बरे वाटले, तीनदा पुन्हा तेच. नवरा म्हणे, ‘मला काय झालं? मी कशाला औषध घेऊ?’ अहो, पुरुषाला त्रास जाणवत नसला तरी जंतू त्याच्या अंगात असू शकतो. दोघांनी एकाच वेळी औषध घेतले नाही, तर तिची लागण परत येणारच. आणि पुढे मूल झाले नाही की वांझ कोण? तीच. माहेरी पाठवायची कोणाला? तिलाच. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

आमचे वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे. इथे असा विषय निघाला की बोट लगेच ट्रकवाल्यांकडे जाते. ‘ते रोग त्यांचे, आपल्या घरात नाहीत.’ मैत्रिणींनो, जंतू कोणाचा धंदा विचारत नाही, जात विचारत नाही, आणि गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही तेही पाहत नाही. दुसऱ्याकडे बोट दाखवले की आपली तपासणी टळते, एवढेच.

म्हणून सांगते, औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. तपासणीशिवाय ‘पिशवी काढून टाका’ असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, ते विसरू नका. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात यासाठी सुरक्षा क्लिनिक असते, तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळते. शिवाय सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. गरोदर असाल तर गरमीची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी चुकवू नका. विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारा. औषध पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा, नंतरही शंका असेल तर निरोध वापरा. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर एचपीव्हीच्या लशीबद्दल डॉक्टरांशी बोला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लस २०२३ पासून मिळते.

आणि सासूबाईंना, थोरल्या जावांना एक विनंती. घरातली सून दवाखान्यात निघाली की ‘हिला काय धाड भरली’ असे म्हणू नका. तिच्यासोबत तुमच्या मुलालाही पाठवा. लग्नात जोडीने सात पावले चालतो ना, मग दवाखान्यापर्यंतची चार पावले जोडीने चालायला कसली लाज?