वसईचे तह

मे महिना आला की वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला हार चढतात. ते योग्यच आहे. १७३७ साली ठाणे-साष्टीपासून पेटलेली मोहीम १७३९च्या मे महिन्यात वसईत संपली. सेंट सेबॅस्टियन बुरूज सुरुंगाने उडवून तट फोडताना हजारो मराठी माणसे कामी आली. २०५ वर्षांची पोर्तुगीज सत्ता अशी रक्त सांडून हटवावी लागली.

पण ही सत्ता आली कशी? १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या धास्तीने पोर्तुगीजांच्या आश्रयाला गेला आणि वसईसह मुंबईची बेटे त्यांना लिहून दिली. त्यातली मुंबई १६६१च्या विवाह-करारात इंग्लंडच्या राजाकडे हुंड्यात गेली. राजाने ती १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. घरच्या भांडणातून सुटण्यासाठी दिलेला किनारा परक्यांच्या आपसांतल्या देवघेवीचा माल झाला. पुढे वसईचा व्यापार याच मुंबईने गिळला.

१७८० साली इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी, हडपसरला होळकरांकडून हार खाऊन पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला. ६,००० कवायती फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना न विचारता कोणाशी बोलणीही करणार नाही, असे मान्य केले. पुतण्याच्या मुलाने अप्पांची कमाई तिथेच गहाण टाकली. दौलत प्रत्यक्ष बुडाली ती १८१८ साली. आमच्या मते तिचा निकाल मात्र वसईतच लागला होता. ३१ डिसेंबरला या किल्ल्यात कोणी फिरकत नाही, याची खंत वाटते. विजयाइतकेच त्या दिवसाचेही स्मरण व्हायला हवे.

विजयाच्या स्मरणातही एक गोष्ट मागे पडते. इतकी माणसे गमावलेल्या विजेत्याने पराभूतांना काय दिले? शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत, निशाण फडकवत जाऊ दिले. रहिवाशांना बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन जाण्याची मुभा दिली, आणि राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची. सुडाला पुरेसे कारण असलेल्या सैन्याच्या सेनापतीने हे मान्य केले, आणि वसई घेण्याइतकेच हेही आम्हाला मोठे वाटते. पोर्तुगीज गेल्यावरही वसईचा ख्रिस्ती समाज इथेच नांदला, वाडीत राबला, मराठीत बोलला आणि लिहिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

विजयदिनाच्या आयोजकांना म्हणूनच एक विनंती. यंदा पुतळ्यासमोर लढाईचा पोवाडा होईलच, त्यानंतर शरणागतीची ती कलमेही मोठ्याने वाचावीत. ती ऐकायला किल्ल्याबाहेरच्या ख्रिस्ती वाड्यांतल्या मंडळींनाही आमंत्रण द्यावे.