रिकाम्या जागेचा हट्ट

स्पर्धा परीक्षांचा हंगाम आला की अभ्यासिकांत एक ठरलेला वाद रंगतो : 'डिफरंट'पुढे 'फ्रॉम' की 'टू'? उत्तरतालिका 'फ्रॉम'वर अडून बसते आणि 'टू' लिहिणाऱ्याचे गुण कापते. ब्रिटनमध्ये मात्र 'डिफरंट टू' सर्रास चालते, अमेरिकेत 'डिफरंट दॅन'सुद्धा. 'टू'ला चूक ठरवणे ही अंधश्रद्धा आहे, असे इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश रचणाऱ्या फाउलरने १९२६ सालीच त्या कोशात बजावले होते. शनिवार-रविवारसाठी लंडनकर 'ॲट द वीकेंड' म्हणतो, न्यूयॉर्ककर 'ऑन'. यात नापास कुणाला करायचे?

म्हणून काहीही खपते असे नाही. आपल्या मुलांच्या खऱ्या चुका वेगळ्याच असतात आणि त्यांचे मूळ मराठीत असते. आपण विषया'वर' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'ला 'ऑन' चिकटतो; त्याला खरे तर काहीच लागत नाही. लग्न कुणा'शी' तरी होते, म्हणून 'मॅरीड विथ' होते. तिथे हवे 'टू'. 'सीनियर' लॅटिनमधून येतानाच तुलना पोटात घेऊन आला, म्हणून त्याच्यापुढे 'दॅन' येत नाही. हे सांगायला वर्गात दोन मिनिटे पुरतात. पण मिळते ती पाठ करायची शब्दजोड्यांची यादी, आणि वर 'इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर' हा मंत्र. मग माणूस बसच्या आत बसूनही 'ऑन द बस' आणि मोटारीत मात्र 'इन द कार' कसा, हे कोडे पोराने एकट्याने सोडवायचे. (ज्या वाहनात उभे राहून चालता येते तिथे बहुधा 'ऑन', एवढे सांगितले तरी पुष्कळ.)

समानार्थी शब्दांची तीच गत. 'बिग' म्हणजे 'लार्ज', गुण एक. पण थोरल्या बहिणीला 'लार्ज सिस्टर' म्हणून पाहा, ती चार दिवस बोलणार नाही! थिसॉरसकार रॉजेने १८५२ साली जवळच्या अर्थाचे शब्द शेजारी मांडले ते लिहिणाऱ्याला नेमका शब्द निवडता यावा म्हणून. आपण ते डोळे मिटून अदलाबदलीला वापरतो.

प्रश्न काढणाऱ्यांनी सुटा शब्द न देता पूर्ण वाक्य द्यावे. दोन्ही रूपे चालतात असा प्रश्न घेऊच नये. आणि घेतलाच, तर उमेदवाराने हरकतीसोबत जोडलेले कोशाचे पान निदान उघडून वाचावे.